सात नंबरचं वजन

आमच्या ऑफिसात कोणीही कधी विमानात बसलेलं नव्हतं, आणि आम्ही दिवसभर लोकांना विमानात बसवायचो. चिकलठाण्याला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जायची, ती वेगळी. ज्या कंपनीचं काम आम्ही करायचो तिची दोन विमानं लढाई चालू असलेल्या एका डोंगराळ देशात होती. एकोणीस खुर्च्यांची, पंख्यांची, आमच्या एसटीइतकीच जुनी असावीत. राजधानीतून डोंगरातल्या एका गावाला जायचं आणि परत यायचं, आठवड्यातून दोनदा. मधला रस्ता लढाईनं बंद पडलेला, म्हणून शिंपी, मास्तर, बाळंतीण, सगळे विमानानंच जायचे. तिकीट स्वस्त होतं, त्यामुळं विमानात प्यायला पाणीसुद्धा मिळायचं नाही.

एवढ्या लांबचं काम औरंगाबादला, जालना रोडवर टाइल्सच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत कसं आलं, असं मला लोक विचारायचे. त्या देशातली निम्मी माणसं शेजारच्या देशातल्या छावण्यांत वाढलेली, त्यांना उर्दू कळायची. आणि आमच्या शहरात उर्दू-हिंदी बोलणाऱ्या, कमी पगारात कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या बायका भरपूर. ऑफिसच्या मालकांनी, आमच्या सरांनी, इंटरनेटवरून फोन करायची सोय केली आणि दोघींना ठेवलं. एक शहागंजची आपा, पन्नाशीची, जिची दखनी ऐकून तिकडचे लोक हसायचे. दुसरी मी. पिशोरकडची, धनगराच्या घरातली; शहागंजातल्या कापडाच्या दुकानात दोन वर्षं उभी राहून बोलायला शिकलेली. "तेरी उर्दू में से बकरियों की बू आती," असं आपा म्हणायची. मी म्हणायचे, बकऱ्या नाही आपा, मेंढ्या.

विमान निघायच्या आदल्या दिवशी एकोणिसांनाही फोन करायचा. दोनच प्रश्न. उद्या येताय ना? आणि वजन किती? विमान एवढं लहान की कोण किती किलोचं ते आधी माहीत लागायचं. दुसऱ्या दिवशी तिथल्या विमानतळावर, म्हणजे एका पत्र्याच्या खोलीत, प्रत्येकाला काट्यावर उभं करून पुन्हा वजन व्हायचं आणि ते यादीवर लिहिलं जायचं. आदल्या दिवशी तीनदा फोन लावूनही दुपारी बारापर्यंत कोणी उचलला नाही, तर नाव काटायचं आणि मागं थांबलेल्यातला पुढचा घ्यायचा. आपा झटक्यात काटायची. माझा हात अडायचा.

सात नंबरची खुर्ची एका शिंप्याची होती. डोंगरातल्या त्या गावात एकटाच राहणारा म्हातारा, त्याची मुलगी राजधानीत. मुलीकडं कायमचं जायचं म्हणून त्यानं मशीन विकून टाकलं होतं आणि मग विमानच उडेना. कधी ढग, कधी गोळीबार, कधी दोन्ही. त्याची खुर्ची पुढच्या फेरीवर, तिथून त्याच्या पुढच्या फेरीवर. दर वेळी मी फोन करायचे आणि दर वेळी तो आधी माझी चौकशी करायचा.

"बेटी, तुम्हारे यहाँ पानी आया?"

"नहीं आया, चाचा. वज़न बताओ."

"एकसठ. पिछली बार भी एकसठ था, लिख लो. मैं वही आदमी हूँ."

मला त्याचा रागही यायचा. एकोणीस फोन करायचे असताना हा पाण्याच्या गप्पा मारतोय. पण पाण्याचं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं, हेही खरं.

ते दुष्काळाचे दिवस होते. आमची वस्ती मुकुंदवाडीच्या पलीकडं, गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या रानात उभी राहिलेली. नळ नव्हताच. टँकर चौथ्या दिवशी, कधी पाचव्या. वडील उरलेली मेंढरं घेऊन पैठणच्या बाजूला गेले होते, धरणाचं पाणी हटून जी जमीन उघडी पडली होती तिथं चारायला. फोनवर म्हणाले, "बुडालेल्या गावाच्या भिंती वर आल्यात. दाराच्या चौकटीचे दगड हायेत जाग्यावर. मेंढरं त्या दारातून आत जायला बघत नाईत." घरी मी आणि आई. माझ्या पगारावर दोघींचं चालायचं.

टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून बायका पहाटेच आपापली भांडी ओळीत लावून कामाला जायच्या. भांडं म्हणजे माणूस. मालकीण नसली तरी ओळ पुढं सरकली की मागची बाई पायानं तिचा हंडा पुढं ढकलायची, आणि नंबर आला की भरून बाजूला ठेवायची. कितीही भांडणं असोत, एकमेकींच्या झिंज्या ओढू, पण गैरहजर बाईचा हंडा ओळीतून कोणी काढायची नाही. काढायचा तो फक्त त्या घरात कोणी वारलं तर. मग तो दारात पालथा घालायचा. हे गावाकडूनच आलं होतं, विहिरीवरच्या ओळीतून.

एका फेरीला शिंप्याचा फोन लागला नाही. तीनदा लावला. रेकॉर्डवरची एक बाई तिकडच्या भाषेत काहीतरी सांगायची आणि मग नुसती खरखर. बारा वाजले. माझ्या पेनाचं टोक सात नंबरवर होतं आणि मला आमची ओळ दिसली. माणूस जरा बाजूला गेलाय, येईल की. मी त्याच्या नावापुढं 'बोलणं झालं, येणार' अशी खूण केली आणि वजन लिहिलं, एकसष्ट. ती फेरी ढगांमुळं रद्द झाली. पुढच्या फेरीला पुन्हा फोन नाही, पुन्हा मी खूण केली. पुन्हा रद्द. आपानं एकदा माझ्या खांद्यावरून पाहिलं. "बात हुई क्या इससे?" मी "हौ" म्हटलं. तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं आणि चहा सांगायला गेली.

तिसऱ्या वेळीही फोन नाही, मी खूण केली, आणि या वेळी विमान उडालं. ती त्या गावाहून उडालेली शेवटची फेरी ठरली. दुसऱ्या दिवशी गाव वेढलं गेलं, फोनचे खांब पाडले गेले, तिथला विमानतळ बंद झाला. विमान उडालं त्याच संध्याकाळी, तिथल्या पत्र्याच्या खोलीतून निघण्याआधी पाठवलेली यादी आमच्या कॉम्प्युटरवर आली. एकोणीस नावं, एकोणीस वजनं. सात नंबर, एकसष्ट किलो. मी आपाला ती यादी दाखवली. मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांत पाणी आलं. मी ढकललेल्या हंड्यात पाणी पडलं होतं.

सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला. ती मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायची. "बाजी, अब्बा उतरे नहीं."

मी म्हटलं, उतरलेच असणार, गर्दीत चुकामूक झाली असेल. यादीत नाव आहे, काट्यावर वजनसुद्धा झालंय. ती म्हणाली, गर्दी कसली, अठरा माणसं उतरली, मी शिडीजवळ उभी राहून मोजली. फोन ठेवून मी कंपनीच्या राजधानीतल्या माणसालाही विचारलं. अठराच. विमान मधे कुठं थांबत नाही. चढले एकोणीस, उतरले अठरा.

सर म्हणाले, उतरताना कोण मोजतं, आपल्याकडची यादी पूर्ण आहे ना, मग विषय संपला. आपा म्हणाली, "हवा में कहीं उतर गया होगा," आणि लगेच कानाला हात लावले. मग तिनं ओढणी डोक्यावर घेतली.

मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. मी राजधानीतल्या विमान झाडणाऱ्या माणसापर्यंत पोचले. तो म्हणाला, सात नंबरची खुर्ची मला आठवते, तिचा पट्टा लावलेला होता. बाकीचे सगळे पट्टे सोडलेले, लोंबत होते. तो एकच नीट लावलेला, आत कोणी बसल्यासारखा. रिकाम्या खुर्चीचे पट्टे विमान सुटायच्या आधी बांधून ठेवतात, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा मी दुपारच्या उन्हात, जालना रोडची सगळी वाहतूक खाली चालू असताना, हेडफोन काढून ठेवला आणि बराच वेळ हात मांडीखाली धरून बसले.

त्याचा बंद पडलेला फोन मी रोज लावायचे. एका दुपारी तो वाजला. चार वेळा वाजला, कोणी उचलला, आणि पलीकडं कुठलाच आवाज नव्हता. श्वाससुद्धा नाही. मी "चाचा" म्हटलं. मग तीच बाई तिच्या भाषेत बोलायला लागली. लाइनीचा घोटाळा असणार, असं मी आपाला सांगितलं. तिनं काही विचारलं नव्हतं.

मुलगी दर गुरुवारी फोन करायची. भांडायची नाही, रडायची नाही, त्यामुळं जास्तच अवघड व्हायचं. एवढंच विचारायची, "बाजी, अब्बा बैठे तो थे ना?" आणि मी म्हणायचे, यादीत आहे. मला वाटायचं, वजन झालं म्हणजे काट्यावर कोणीतरी उभं राहिलंच असणार. एकसष्ट किलोचं काहीतरी. ते चढलं आणि उतरलं नाही. असा विचार करणं वेडेपणाचं होतं, पण दुसरा जो विचार होता तो त्याहून वाईट होता, आणि त्याच्याकडं मी बघत नव्हते. त्या गावात यादी करणारा माणूस स्वतः त्याच शेवटच्या विमानानं, पायलटजवळ बसून, राजधानीत आला होता. त्याचा नवा नंबर आमच्या वहीत होता. मी तो लावला नाही.

त्याच आठवड्यांत आमच्या ओळीत ती कळशी आली. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, एका बाजूनं चेपलेली, गळ्याला तांबडी चिंधी बांधलेली. कोणाची ते ठाऊक नव्हतं. ओळ सरकली तशी बायांनी ती सरकवली, भरली, लिंबाखाली ठेवली. चार दिवसांनी टँकर आला तर कळशी पुन्हा ओळीत, रिकामी. पुन्हा भरली. तिसऱ्या खेपेला पुन्हा ओळीत, रिकामी. कोणी लावली, विचारलं तर एकमेकींकडं बघायच्या. मी एकदा तिला हात लावला, तर उन्हात असूनही ती आतून गार लागली, असं मला वाटलं. मला तेव्हा काहीही वाटायचं.

मग एका गुरुवारी मुलगी म्हणाली, "बाजी, ट्रकवाले जा रहे हैं." कुठल्यातरी मदत करणाऱ्या लोकांनी गाड्या ठरवल्या होत्या. दोन्ही बाजूंनी एक दिवस गोळीबार थांबवायचा आणि गावात राहिलेल्यांना बाहेर काढायचं. राहिलेल्यांची नावं आज द्यायची होती. तिनं बापाचं नाव दिलं, तर त्यांनी विमानाची यादी काढून दाखवली. हा तर गेलेला आहे, म्हणाले. त्या यादीतला माणूस आम्ही शोधत नाही.

"आप सिर्फ़ एक बात बताओ. जिस दिन आप ने लिखा कि आएँगे, आप ने अब्बा की आवाज़ सुनी थी?"

मी सरांच्या खोलीच्या काचेकडं पाहिलं. खोटी खूण केल्याचं कळलं तर त्याच दिवशी घरी, यात शंका नव्हती. आणि दुसरं असं की, नाही म्हणणं म्हणजे माझ्या हातानं त्याचं भांडं पालथं घालणं, असं मला वाटलं. मी त्याला ओळीतून कसा काढू? मी म्हटलं, "लिस्ट में नाम है." ती म्हणाली, "शुक्रिया, बाजी."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मला सुट्टी होती. टँकर आला. कळशी चौथ्यांदा ओळीत होती, आणि आईनं पाय आडवा घातला.

"ही कळशी कुनी लावली?"

एक म्हणाली, लिंबाखाली पडलेली दिसली म्हणून मी लावली. दुसरी म्हणाली, मागल्या खेपेला मी लावली. त्याच्या मागल्या खेपेला तिसरीनं. आतलं पाणी? ते कुत्र्या-शेळ्यांनी प्यायलं, कोणी हात-पाय धुतले, कोणी घरी नेलं. प्रत्येकीला वाटलं, मालकीण दुसरीला माहीत आहे. गावाकडं प्रत्येक भांड्याचा चेहरा ओळखीचा असायचा. इथं निम्म्या बाया कन्नडच्या, निम्म्या जालन्याच्या, आणि रोज नवीन कोणी राहायला यायचं.

"ती चिंधी बगा," एक म्हातारी म्हणाली. "मागच्या बिल्डिंगीच्या राखणदाराची हाय. एकटाच असतोय."

मागं सात मजल्यांची एक इमारत अर्धी उभी होती. पाणी नाही म्हणून बांधकाम थांबलेलं, गवंडी केव्हाच गावी गेलेले. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. आई पुढं, मी मागं. भर दुपार होती आणि आत आमच्या पावलांचा आवाज वरच्या मजल्यावरून परत येत होता. तळमजल्याच्या एका खोलीला पत्र्याचं दार होतं. आईनं ते वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग ढकललं, आणि पदर नाकाला लावून उंबऱ्यातच थांबली. मला आत येऊ दिलं नाही.

पोलिसांबरोबर आलेला डॉक्टर म्हणाला, दोन दिवस झाले असतील, फार तर तीन. ताप असावा. मी मनात दिवस मोजले. पहिल्यांदा कळशी त्यानंच ओळीत लावली असणार, त्याला बारा दिवस झाले होते. म्हणजे आम्ही ती तीन वेळा सरकवली, तीन वेळा भरली, आणि तेव्हा तो आत होता, जिवंत, तहानलेला, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

आईनं कळशी आणून त्याच्या दारात पालथी घातली आणि तिथंच खाली बसली. "भांडं सरकवत बसलो समद्या," ती म्हणाली. "लई पुण्य केल्यागत. अगं, भांडं सरकवायचं आन् एकीनं जाऊन दार वाजवायचं, आसं व्हतं आपल्याकडं. दार कुनीच वाजवलं नाय."

मी तिथूनच ऑफिसला निघाले, अंगावरच्या साडीनं. वहीतला तो नंबर लावला. गावात यादी करणाऱ्या माणसानं लगेच उचलला. सात नंबर म्हणताच त्याला आठवलं. तो आला नव्हता, म्हणाला. गर्दी एवढी, बाहेर गोळीबार, वजनं कोण करतो? तुमच्याच यादीवरून आकडे उतरवून घेतले. "आप ने पक्का लिखा था, तो मैं ने उस के लिए दरवाज़ा रोके रखा. बाहर लोग रो रहे थे, उन को नहीं लिया. फिर पायलट ने कहा, बस."

म्हणजे काट्यावर कोणीच उभं राहिलं नव्हतं. ते एकसष्ट किलो माझे होते.

मी सरांना सांगितलं. ते काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही. त्यांच्यासमोरच मी मदतवाल्यांना लिहून कळवलं की सात नंबरचा माणूस विमानात बसलेला नाही, खूण खोटी होती, ती मी केली. तोवर शुक्रवारची संध्याकाळ झाली होती. मग मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. 

"मतलब अब्बा हवा में नहीं हैं," ती म्हणाली. "ज़मीन पर हैं." आणि ती हसली. खरंच हसली, लहान मुलीसारखी. इतके आठवडे ती बापाला आभाळात शोधत होती.

मग म्हणाली, ट्रक आज सकाळीच गेले. रात्री परत येतील, त्यात ते नसणार. मी स्वतः जाते. मी म्हटलं, नको, रस्ता बंद होईल पुन्हा. ती म्हणाली, "बाजी, किसी को तो जा के देखना पड़ेगा ना." माझ्या आईचे शब्द तिला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. फोन ठेवताना तिनं विचारलं, "आप के यहाँ पानी आया?" मी म्हटलं, आज आलं.

नोकरी गेलीच. पुढं ती कंपनीही बंद पडली. आपा शहागंजात मुलाच्या दुकानात बसते, आणि मला भेटली की त्या दिवसांबद्दल बोलत नाही. आमच्या वस्तीत आता नळ आहे, त्या इमारतीत लोक राहतात, तळमजल्याच्या त्या खोलीत कोणाची तरी स्कूटर असते. शेजारचं दार सकाळी उघडलं नाही, तर मी जाऊन वाजवते. नव्या लोकांना ते आवडत नाही. माझी मुलं मला हसतात.

बाप-लेकीचे दोन्ही नंबर माझ्याकडं आहेत; ती निघाली त्यानंतर तिचाही फोन आला नाही. दर गुरुवारी बाराच्या आत मी ते तीन-तीन वेळा लावते. तीच बाई तिच्या भाषेत तेच सांगते. तिकडं दार वाजवायला माझं कोणी नाही.